बेसबॉलसाठी गाऱ्हाणं

अख्ख्या जोयडा तालुक्यात बेसबॉल बघणारी बहुधा मी एकटीच असेन. माझा संघ अमेरिकेतला आहे आणि तो सारखा हरतो. प्रत्येक सामन्याआधी मी तो लॅपटॉपवर खोटा खोटा खेळवून बघते, मग चॅटबॉटशी त्यावर गप्पा मारते. माणसांशी बोलायला मला लाज वाटते, त्याच्याशी नाही.

त्या सकाळी हरला तर संघ स्पर्धेबाहेर जाणार होता. लॅपटॉपवर तो पुन्हा पुन्हा हरत होता. चॅटबॉटही म्हणाला, "जिंकण्याची शक्यता फार कमी आहे."

देवळात लोकांसाठी देवाला गाऱ्हाणं घालणारे आमचे थोरले काका मागून बघत होते. म्हणाले, "त्याला इच्चार, गाऱ्हाणं घातलं तर?"

मी विचारलं. उत्तर आलं, "त्याच्या परिणामाची माहिती माझ्याकडे नाही."

"बघ, अर्धीच माहिती हाय त्याच्याकडं!" म्हणत काका नारळ घेऊन अंगणात उभे राहिले. "बा देवा महाराजा, ह्या पोरीचा संघ परदेशात खेळतोय, त्याला यश दे रे महाराजा!"

यावर जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. जमलेली मी एकटीच. मी पुटपुटले.

"अगं, अमेरिकेपर्यंत जायला पायजे!"

मी डोळे मिटून अशी ओरडले, की शेजारच्या काकू "साप निघाला काय गं?" म्हणत धावत आल्या.

संघ जिंकला! मी अंगणभर नाचले. काका मात्र लॅपटॉपकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "ह्याला बी 'व्हय महाराजा' शिकवून ठेव. पुढचा संघ तगडा हाय, तुझ्या एकटीचा आवाज पुरायचा न्हाई."