खंडेनवमीच्या पाटावर स्टोची पिन

माझं माहेर माजलगावकडलं, धरणाच्या खालच्या अंगाला. बापाची पिठाची गिरणी होती, बाप बाहेर गेला की पट्टा निसटायचा आन् तो मीच चढवायचे, ग्रीस मीच भरायचे, म्हणून काळ्या हाताची मला कधी किळस आली न्हाई. लगीन करून दिलं ते इकडं, घाटनांदूरच्या अलीकडं. आमचे मालक जुन्या फटफटीवर गठुडं बांधून आठवडी बाजार करायचे, बायकांचे गाऊन, परकर, टिकल्या. तेच मला पडीक रानात घिऊन गेलते गाडी शिकवायला, अन् मी दोनदा बांधावर पाडली तरी हसत हुते. मग कावीळ झाली त्यांना, आन् गेले. पोरगी नांदायला गेली, घरात ऱ्हायलो मी आन् सासू. बाजार कोण करणार? मीच करणार की. गठुडं तेच, गाडी तीच.

पर गाडी म्हणलं की दुखणं आलंच, आन् फिटरचं काय सांगू तुमाला ताई, अजून बी डोस्कं फिरतं. गाडी ढकलत नेली त्याच्याकडं, तर म्हणतो कसा, ठेवून जावा, मालकाला पाठवून द्या, त्यांना सांगतो काय झालंय ते. मालकाला कुठून पाठवू? म्हणलं मला सांग की, मला कान न्हाईत व्हय? तर हसला. तशीच ढकलत माघारी आणली आन् अंगणात उभी केली, म्हणलं बास, आता हिला मीच खोलणार.

हत्यारं कुठली असणार माझ्याकडं? हे बगा, तुमी हसू नका, फोटू मागून काढा. ही दोन उलथनी, लोखंडी, टायर उचकटायला. ही सांडशी पकडीच्या जागी. हा खलबत्त्यातला बत्ता, ह्याच्या तोंडाला चिंधी बांधली की हातोडी झाली. तेलाचा डबा आडवा कापलाय, त्यात जुनं इंजिन ऑइल सोडते. दात घासायचा ब्रश चेनला. आन् हे चार आणे, दुकानदार घेत न्हाई म्हणून फेकाल तुमी, पर स्टँडची स्प्रिंग हाताला लई कडक असती, तिला वाकवून वेटोळ्यात एकएक नाणं खुपसत गेलं की ती आपसूक लांब व्हती, मग आकड्यात अडकवायची आन् नाणी काढून घ्यायची. आन् ही स्टोची पिन. रॉकेल गेलं, स्टो भंगारात गेला, पिन मी ठेवली, कारबोरेटरचं जेट म्हंजे पितळेचं एवढंसं नळकांडं असतंय, त्याच्या भोकात कचरा बसला की गाडी मेली, तो हिच्यानंच निघतो.

एकच नड हुती, वायर कापायला काय न्हाई. क्लचची वायर कोयत्यानं दगडावर कापली की तिचे तंतू इसकटतात, मग ती नळीत जात न्हाई. सासूचा अडकित्ता हाय, पोलादी. मागितला तर म्हातारी अंगावर आली. तुझ्या सासऱ्याचा हाय तो, हात लावशील तर बघ. बोळक्या तोंडाची बाई, सुपारी फुटत न्हाई तिला, तरी अडकित्ता कमरेला, चंचीत.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडं त्या दिवशी अवजारं पुजतात, गाडी पुजतात. मालक गेल्यापासून पूजेला दीर येतो अंबाजोगाईहून, कावून तर माझ्या हातानं गाडीला कुंकू चालत न्हाई. ह्या हातानं इंजिन खोललेलं चालतंय, कुंकू चालत न्हाई! मी दरसाली गिळलं. ह्या साली म्हणलं गाडीला न्हाई तर न्हाई, माझी हत्यारं तर मी मांडणार. पाट मांडला, उलथनी, बत्ता, पिन, नाणी, समदं वळीनं ठेवलं. सकाळीच कारबोरेटर धुतला हुता, त्याची दोन्ही जेट बी पाटावर ठेवली, म्हणलं पूजा झाली की बसवू, आन् धूळ नको म्हणून कारबोरेटरची खालची वाटी तेवढी लावून टाकली, वरून बघणाऱ्याला गाडी जोडलेलीच दिसत हुती.

दीर आला. पाट बघितला आन् म्हणतो, वैनी, हे काय सैपाकघर मांडलं व्हय दारात? आन् पायानं सरकवला. पायानं, ताई! पुजायला मांडलेला पाट! बत्ता गडगडत मोरीत, जेट झेंडूच्या फुलात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेट मी उचलली आन् मुठीत धरली. तो म्हणला, तुमी बाजूला व्हा, आजच्या दिशी तुमचा हात नको. कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठिवलं, आन् म्हणला, दादाची गाडी हाय, बाईमाणसाच्या दारात शोभत न्हाई, आता मी नेतो, नड लागली तर मागून घेत जावा.

मागून? बाजार काय ह्याच्या बापाच्या खांद्यावर बसून करू?

बसला गाडीवर आन् मारली किक. मग मारतच ऱ्हायला. पांढरी पँट, घामानं चिंब, पेट्रोलचा वास सुटला नुसता. सासू वट्ट्यावर बसलेली. शेवटी माझ्यावर वरडला, वैनी, काय केलं गाडीला? मी मूठ उघडून दावली. म्हणलं, मी न्हाई, तुमच्या पायानं केलंय. माझा हात नको ना, मग बसवा तुमच्या पायानं.

गाडीवरनं उतरला आन् फाट्यावर चालत गेला मुडदा. जाताना आईला म्हणला, बघ तुझी सून. म्हातारीनं मान बी वळवली न्हाई.

मी बत्ता धुतला, पाट पुन्हा लावला. तर मागून म्हातारी आली. चंचीतून अडकित्ता काढला, पिनीशेजारी ठिवला, आन् माझ्या सासऱ्याच्या माघारी जिनं करंड्याला हात लावला नव्हता तिनं बोटावर कुंकू घेऊन त्याला लावलं. मग करंडा माझ्याकडं सरकवला. म्हणली, बघत काय बसली, गाडीला लाव.

लावलं. जेट बसवली, दुसऱ्या किकला गाडी चालू. मी तिथंच रडले, रागानं रडले, एवढी वर्षं कावून गिळलं म्हणून.

परवाच क्लचची वायर कापली अडकित्त्यानं, सपकन. धारेला खाच पडली जराशी, तर म्हातारी दिसभर शिव्या देतीया, नीट वापर, सासऱ्याचा हाय तुझ्या. देऊ द्या, औक्ष लाभो तिला. दीर येईल पुढल्या नवमीला, येऊ द्या. पाट मी दारातच मांडणार हाय, पाय उचलून तर बघू दे.