हरणाऱ्यांचा कैवारी

—नाही, नाही, मला नको सांगूस त्या टँपाच्या बेसबॉल टीमचं कौतुक. जर्सी आणलीस, नाव शिवून देते, विषय संपला. बेनाविडेस ना? कोण हा बेनाविडेस? — बघ, बॉल टाकतो एवढंच माहीत तुला! उन्हाळाभर टँपा कुठल्या दिशेला आहे हेही तुझ्या गावी नव्हतं, आणि बाद फेरीत समोर न्यूयॉर्क आलं म्हणताच एकदम गरिबांचा पुळका! आपल्या ओमाहाला स्वतःची मोठी टीम नाही ना, म्हणून ऑक्टोबर आला की जो तो एखादं लंगडं पाखरू दत्तक घेतो. मी? मी न्यूयॉर्कच्या बाजूची. हो, हसतोस काय? श्रीमंत आहेत, माजलेत, सगळं कबूल — पण त्यांची माणसं ते जिंकल्यावरही त्यांचीच राहतात. तुम्ही लोक? टँपा जिंकू दे, पुढच्या वर्षी तूच येशील — मार्लिसबाई, एवढं नाव उसवून द्या. देते मी उसवून. दरवर्षी देते.

मला नको शिकवूस, मी अशाच माणसाशी संसार केलाय. ड्वेन, माझा नवरा — होता म्हण, आहे म्हण, कागदावर अजून आहे. जन्मात कधी जिंकणाऱ्यांच्या बाजूनं बसला नाही. आम्ही भेटलो तेव्हा बर्फावर घसरून माझी दोन्ही मनगटं मोडलेली — शिवणारी बाई, आणि दोन्ही हात प्लास्टरात! दुकान बंद, कुणी विचारेना. हा शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला, ओळख ना पाळख, पण रोज खिमा-राजम्याची गरम चिली आणि दालचिनीचा रोल घेऊन यायचा, चमच्यानं भरवायचा, माझ्या कोटाची बटणं लावायचा. "मार्लिस, तू यातून उठणार बघ!" डोळे असे चमकायचे त्याचे — मला वाटलं, माझ्यासाठी चमकतात. लग्न केलं. आणि मी उठले! तेच चुकलं. दुकान चाललं, शाळांच्या बँडचे गणवेश आले, हाताखाली बायका ठेवल्या — आणि हा गप्प गप्प होत गेला. एका ऑक्टोबरात त्याची ती मरतुकडी टीम, कुठली ते विचारू नकोस, खरंच अजिंक्य ठरली. मैदानात पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत, मी टाळ्या वाजवतेय, आणि यानं टीव्ही बंद केला. घरात कुणी गेल्यासारखा चेहरा. म्हटलं, "अरे, जिंकले ना तुझे?" तर म्हणतो, "आता त्यांना माझी काय गरज?" मग माझ्याकडे बघून — "तुझंही छान चाललंय, मार्लिस." सांत्वनाला आलेला माणूस बोलतो ना, त्या सुरात. तेव्हाच कळायला हवं होतं मला. पुढच्या वसंतात नदीपलीकडे, काउन्सिल ब्लफ्सला, गारपिटीत आर्डिथ नावाच्या एका विधवेचं छप्पर गेलं. हा ताडपत्री घेऊन मदतीला गेला, तो तिकडचाच झाला.

जा म्हटलं. रडले नाही मी. अजिबात नाही. — काय? पुन्हा भेटला का? तुला काय करायचंय? ... भेटला. गेल्या महिन्यात इथला मागचा नळ फुटला, पाणी पार कापडाच्या ताग्यांपर्यंत. मी त्याला फोन केला नाही हं, उगाच काहीतरी धरून बसू नकोस! मी फक्त समोरच्या व्हर्नाला सांगितलं — आता व्हर्नाला सांगितलेलं नदीपलीकडे पोचतं, यात माझा काय दोष? आला. बादली, फडकी, चिलीचा डबा, सगळं घेऊन आला. गुडघ्यावर बसून फरशी पुसली, तीही शीळ घालत. "काळजी करू नकोस, मार्लिस, निभेल हेही." आणि डोळे — अगदी तसेच. तेव्हापासून रोज संध्याकाळी येतो, पाणी उपसतो, घटकाभर बसतो. आर्डिथचं छप्पर आता पक्कं झालंय ना.

प्लंबर? आला होता की. सगळं सामान घेऊन आला होता. मी परत पाठवला. म्हटलं, सध्या राहू दे ... असा काय बघतोस? नळ माझा, पाणी माझं, मी वाहू देईन नाही तर — थांब. गाडी थांबली का बाहेर? त्याचीच. ऊठ, ऊठ, घे तुझा बेनाविडेस, झालाय शिवून. आणि हे बघ, त्याच्यासमोर दुकान झकास चाललंय वगैरे काही बोलायचं नाही. विचारलंच तर म्हण, मार्लिसचं काही खरं नाही. कळलं? जा आता. जा म्हटलं ना!