अण्णांची ट्यूब

पेणच्या घरात मी एलईडी लावली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच काढली. हसू नका, ऐका.

आमचे वडील, अण्णा, गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतात. आयुष्यभर पडवीतल्या एकाच ट्यूबखाली बसले. यंदा मात्र रोजची कटकट, "उजेड नाय रे. रेघ हलते." मी स्टार्टर बदलला, चोक बदलला, तरी रेघ हलतच होती. शेवटी वैतागून एलईडी आणली. मूर्तीजवळच्या उंदराच्या मिशा मोजाव्यात इतका लख्ख उजेड पडला.

अण्णांनी ब्रश टेकवला. रेघ डोळा सोडून भुवईत गेली.

"फसवलं तुला दुकानदारानं. हीपण अधूच हाय."

"अण्णा, चांगली आहे ती."

त्यांनी वर बघितलं, मग त्या रेघेकडे. ब्रश पाण्यात ठेवला आणि म्हणाले, "जुनीच लाव परत. तिला दोष तरी देता येत होता."

लावली. आता रोज विचारतात, "नवा चोक आणलास काय रे?"

मी रोज सांगतो, उद्या आणतो.