राकियाचे मोजे

— नाही हो बाई, दारू प्यायला नाही दिली. एक थेंबसुद्धा नाही. राकियाचा वास येतोय तो त्याच्या मोज्यांना, तोंडाला नाही — हवं तर हुंगून बघा, नाहीतरी त्याच्या तोंडात डोकावायलाच येता ना दर गुरुवारी. बसा. तिकडे त्याच्याजवळ नको, इथे, माझ्यासमोर. झोपलाय तो, झोपू द्या. आधी मला सांगा, तुम्हाला पाठवतं कोण? दवाखाना? की आमची दानित्सा? — माझ्या पोटची पोर, पण नोवी सादला गेल्यापासून एकच पालुपद, आई, तुला झेपत नाही, बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. आणि मग तुम्ही उगवलात. व्लास्तिमिरला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तर बोलायला शिकवणारी बाई येईल म्हणाले — आणि तुम्ही आलात त्या थेट त्याचा गळाच धरून बसलात. हनुवटी खाली घाल, गीळ, पुन्हा गीळ. जन्मभर जेवलेला माणूस, त्याला तुम्ही गिळायला शिकवणार? आणि ती पूड — टाकली की पाण्याची खळ होते. ती पाजताना तो माझ्याकडे बघतो ना, तेव्हा वाटतं, मीच त्याची वैरीण.

परवा आमच्या घराच्या संताचा दिवस होता, संत निकोलाचा. तुमच्या घरचाही असेल कुणीतरी संत, की शहरात तेही सुटलं? पाद्री आले, पावावर वाइन ओतली, शेजारचा द्राझा आला, त्याची बायको आली — उंबऱ्यातून आत आलं की प्रत्येकाला आधी झितोचा चमचा. आणि घरच्या धन्याने कोपऱ्यात बसून खळ प्यायची? झितोचा गहू मी स्वतः शिजवला, अक्रोड स्वतः कुटले, साखर घातली. पहिला चमचा धन्याचा — त्याच्या बापाचा होता, आज्याचा होता. दिला. हो, दिला, डोळे काय मोठे करताय? तुम्हीच म्हणाला होतात ना, त्याचा गळा झोपलाय, घास वाट चुकून फुफ्फुसात जातो, ठसका लागला की थांबा म्हणून? मी थांबणारच होते. कान लावून बसले होते. ठसका लागलाच नाही. मग दुसरा दिला. काल दिला, आज सकाळी कॉफीही दिली, तुमची पूड न घालता — लेकरासारखा प्यायला, गप. तेव्हाच म्हटलं, माणूस बरा झालाय आणि ही बाई अजून येतेच आहे, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

मोजे ना? ते — कालपासून अंग जरा गरम लागतंय. शेगडीजवळ झोपतो, तापणारच. सासूबाई घालायच्या असे राकियात भिजवून, ताप उतरतो — ताप नाही हो, ऊब. दानित्साला कळवू नका. ताप म्हटलं की ती गाडी घेऊन येईल, त्याला घेऊन जाईल, आणि मग पुढच्या वर्षी झितो मी काय भिंतींना भरवू? अहो, उठवू नका त्याला. पाठीला कान काय लावताय? घरघर आहे ती, म्हातारी माणसं घरघरतातच. खोकत तर नाही ना? परवापासून एकदाही नाही, माझं लक्ष आहे — काय? पुन्हा सांगा. ठसका हा राखणदार, आणि तो राखणदारच उठला नाही — म्हणजे मी भरवलेला प्रत्येक चमचा —

मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? सांगितलं होतंत? असेल. मी ऐकतच नव्हते, मी तुमच्या हातांकडे बघत होते, त्याच्या गळ्यावरच्या.

लाव, पोरी. फोन लाव. गाडी बोलाव, दानित्सालाही बोलाव, नेऊ देत कुठे न्यायचं ते. मी त्याचे मोजे काढते. आणि टेबलावरची ती वाटी आधी उचल — दुपारचा चमचा काढून ठेवलाय मी त्यात.