खडूच्या खुणा

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही, बायकोलेही नाही. तुम्ही लिहून घेऊन राहिले, तर घ्या.

मी नागपूरच्या महाल भागातला सुतार, माझा बापही सुतार, त्याच्याच हाताखाली शिकलो. तो एक गोष्ट घोकून घ्यायचा, जुनं काम उकलायचं तर आधी प्रत्येक तुकड्याच्या मागं पटाशीनं खूण कोरायची, काहून की हातानं केलेल्या कामात एकाचा तुकडा दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

गांधीबागेत एका वकीलसाहेबाचं घर होतं, जुन्या इमारतीत, दुसऱ्या माळ्यावर. नागपुरात तवा टीव्ही यायचा होता. साहेबाले घर नवं पाहिजे होतं, मोठी बैठक, मोझॅकची फरशी, ट्यूबलाईट, पण जुनी सागवानी जाळीही पाहिजे होती, ती उकलून डायनिंग टेबलाच्या आडोशाले लावायची होती. काम मले किसननं मिळवून दिलं. किसन रंगारी, आमच्याच गल्लीतला, मले दादा म्हणे. माझं पहिलंच मोठं काम, घाई केली, तुकड्यांवर खडूनंच आकडे टाकले. किसन म्हणे, दादा, पटाशी काय देव्हाऱ्यात ठेवली का गा? मी म्हटलं, तू आपला ब्रश सांभाळ.

दुसऱ्या दिवशी मीच त्याले सांगितलं, जुनं पॉलिश काढायचं आहे, सारे तुकडे सोड्याच्या पाण्यानं धुऊन ठेव. खडूचं मले ध्यानातच राहिलं नाही, काय सांगू तुम्हाले. त्याले वाटलं, दादानं खुणा कोरल्या असतील आता.

खडूचे आकडे सारे धुऊन गेले, मंग जाळी काही जुळेना. साहेब आले, म्हणे, कोणी धुतलं हे? किसन म्हणे, मी, दादानं सांगितलं म्हणून. साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मी नाही सांगितलं.

किसन आधी हसलाच, त्याले मस्करी वाटली. म्हणे, आठव ना गा दादा, चहा पिता पिता बोलला तू. मी रंधा पुसत राहिलो. साहेबानं त्याले त्याच दिवशी काढलं, गोष्ट बाजारभर झाली, गांधीबागेत त्याले कोणी काम देईना, तो काटोलले निघून गेला.

जिथं तुकडे बसले नाही, तिथं मी प्लायवूडचे साधे चौकोन बसवले, पांढरे रंगवले. लोकांले नेमकं तेच आवडलं. पाहुणे म्हणत, जुन्या-नव्याचा काय मेळ घातला मिस्त्रीनं. मंग ज्याले त्याले तशीच जाळी पाहिजे, त्या चौकोनांवर माझं नाव झालं.

किसन काटोलले दुकानांच्या पाट्या रंगवते. मागच्या संक्रांतीले बसस्टँडवर दिसला, म्हणे, बरा आहे ना गा दादा? अजून दादाच म्हणते. मी म्हटलं, बरा आहे, अन् बसमध्ये चढलो.

साहेब आता थकले, पण आहेत, जाळीही तिथंच आहे. किसनले घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं अन् साहेबाले सांगायचं, धुवायले मीच सांगितलं होतं. एवढं मी किसनचं देणं लागतो. अजून दिलं नाही.