गौरवीची वटवाघळं

—नाही नाही, व्याही... छे, चुकलो, अजून कुठे ठरलंय! बसा हो रामचंद्रबाब, इथे ओसरीवर, बाल्कांवातच बसा, वारा आहे. हा कोपभर निरो घ्या, आमच्याच काजूचा ताजा रस, सकाळीच बोंडं तुडवून गाळलाय, जराही चढत नाही— बायकोने, विमलने बजावलंय, सोयरिकीला आलेल्या माणसांसमोर वटवाघळांचा विषय काढायचा नाही. नाहीच काढणार! पण मुलगी करते काय, हे मुलाच्या बापाला कळायला नको? सावंतवाडीहून एवढे आलात, तुमच्या तुषारच्या जन्माचा प्रश्न आहे.

तर ती बागेच्या टोकाला गुहा दिसते? आत सगळी वाघळं, छताला लोंबकळलेली— आणि आमची गौरवी आत जाते! शास्त्रज्ञ ना ती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला, तोंडाला मास्क, जाळीत एकेक धरते, कापसाच्या काडीने तोंड पुसून घेते, आणि ‘जा गो बाय’ म्हणून सोडून देते. ती थुंकी लॅबमध्ये गेली आणि काय सापडलं? नवा विषाणू! जगात कोणी पाहिला नव्हता, तो माझ्या काजूच्या बागेत! मी नाचलो हो, लुंगी सावरत नाचलो. म्हटलं, आपल्या वाड्याचं नाव दे त्याला. तर म्हणते, “बाबा, विषाणूला गावाचं नाव देत नाहीत आता, गावातल्या मुलींची लग्नं जमायची नाहीत.” हा हा! नुसता नंबर मिळाला बिचाऱ्याला.

माणसाला काही होतं का? अजून तरी नाही, असं म्हणते. तेच शोधतेय— विमलचं रक्त घेतलं, माझं घेतलं, सगळे ठणठणीत. हीच वाघळं आमची बोंडं खातात ना, अर्धी चावून खाली टाकतात. नाही हो, ती निरोत नाही घालत! गौरवी घालूच देत नाही. आधी घालायचो, आजोबांपासून... अरे, कोप खाली का ठेवलात?

मागचे पाव्हणे इथेच उठले. म्हापशाचे. गाडी अशी वळवली की तुळशीची कुंडीच गेली. त्यांच्या आधीचे पेडण्याचे, ते तर हात धुऊन गेले, साबण मागून. विमल म्हणते, तुम्ही मुद्दाम सांगता. मुद्दाम? मी? खरं तेच सांगतो की! आणि गेले तर गेले, संध्याकाळी ती येते, आंघोळ करून इथे पायरीवर बसते, ‘बाबा, आज काय झालं माहीत आहे?’ म्हणून सुरू होते, जेवण गार होतं तरी आमचं चालूच. ती गेल्यावर मला कोण सांगणार हो असं— आं? काय म्हणालात?

संपला? आणखी एक कोप? आणि तुषारलाही ती गुहा बघायचीय... तिच्याबरोबर?

हां.

बसा. आणतो.