इंग्लंडच्या बाई उधन्यात

मला परदेशी पाठवायला आण्णा तयार कसे झाले, ते सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी सुरतला बी.एड. करत होते. तिकडच्या शाळांत शिकवतात कसं, ते बघायला इंग्लंडच्या एका शाळेत काही आठवडे जायची संधी मला मिळाली होती. पण खानदेशातून येऊन सुरतच्या उधन्यात कापडाचे लूम चालवणारे माझे वडील, आण्णा, एकच वाक्य धरून बसले होते, "तुले तठे काही झायं तं मी कोणले इचारू?"

शेवटी मला तिकडे नेणाऱ्या, इंग्लंडच्या प्राध्यापक बाईच आमच्या घरी आल्या. आण्णा मान खाली घालून बसले. बाईंच्या हातातला चहा निवत चालला. दोघांच्या मध्ये मी, दुभाषी. त्या दिवशी आण्णा नाही म्हणाले असते, तर सगळं तिथेच संपलं असतं.

बाई म्हणाल्या, "माझी मुलगीही शिक्षिका व्हायला शिकतेय. तीही शिकवणं बघायला तुमच्या इथल्या मराठी शाळेत येणार आहे. ही आमच्याकडे राहील, ती तुमच्याकडे."

मी ते अहिराणीत सांगितलं. आण्णांनी पहिल्यांदाच बाईंकडे पाहिलं. "इतली दूर एकली पोरले धाडतस, तुमले भ्याव नही वाटस?"

मी ते बाईंना इंग्रजीत विचारलं.

बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "वाटते ना. म्हणून तर तुमचं घर बघायला आले."

आण्णा उठले. आतल्या खोलीचा पडदा बाजूला करून ते मला म्हणाले, "बाईले सांग, हाई खोली बी देखी ल्या. त्यासनी पोर अठेच राही."